सगळ्यांच्या नावापुढे चांदण्या

बायको गेल्यावर तिच्या वस्तूंना हात लावायचं मी बरेच महिने टाळलं. परवा कपाट आवरायला घेतलं तेव्हा तिची कामावर न्यायची तपकिरी पिशवी हाताला लागली. गॅलरीत नेऊन ती उलटी करून झटकली, तर शिवणीत अडकलेले तांदळाचे दाणे फरशीवर पडले. कुंकवाची लाली त्यांना अजून होती. मी खाली बसलो, बोटाने दाणे एका जागी गोळा केले आणि मला हसू आलं. चांगलं मोठ्याने. समोरच्या इमारतीतले आजोबा पेपरातून मान वर करून पाहायला लागले. गेल्या वर्षभरात त्यांनी मला हसताना पाहिलेलं नसावं.

ते तांदूळ पिशवीत कुठून आले हे आज मला ठाऊक आहे. त्या वेळी मात्र मला ते कळू नये याची तिने पुरेपूर काळजी घेतली होती. आणि त्यासाठी लागणारी सगळी व्यवस्था माझ्याचकडून करून घेतली होती.

आम्ही दोघं चाकणच्या एकाच कारखान्यात होतो. गाड्यांच्या आत वायरींचे जे जुडगे असतात ते तिथे बनतात. लाकडी फळ्यांपुढे उभ्या राहून बायका रंगीबेरंगी वायरी खिळ्यांवरून फिरवतात, टेप गुंडाळतात, टोकाला सोल्डरिंग करतात. मी संगणक विभागात होतो, ती कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. रावेतहून आम्ही एकाच स्कूटरवर निघायचो. ती मागे, पिशवी मांडीवर. मोशीच्या गर्दीत स्कूटर अडकली की आमचं खरं बोलणं व्हायचं, कारण घरी मी पुस्तकात असायचो आणि ती स्वयंपाकात.

बोलायचो सगळं, फक्त दवाखान्यातलं सोडून. लाइनवरची एखादी बाई कँटीनमध्ये भेटायची आणि म्हणायची, “सिस्टरांचे लई उपकार झाले हो माझ्यावर.” मी समजल्यासारखी मान हलवायचो. कसले उपकार, हे मला कधीच माहीत नसायचं. विचारलं तर ती म्हणायची, “बरी आहे ना आता? मग झालं तर.” तिच्या स्वतःच्या शेवटच्या आजाराचं नावही मी इथे लिहिणार नाही. तिला ते आवडलं नसतं.

एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिने विचारलं, “अहो, तुमच्या त्या नव्या सिस्टिममध्ये सुपरवायझरला काय काय दिसणार आहे?”

तोवर दवाखान्याचं काम चिठ्ठीवर चालायचं. ती लिहायची, अमुकला इतके दिवस बसून करायचं काम द्या, कारण तमुक. चिठ्ठी घेऊन तो माणूस सुपरवायझरकडे जायचा. वायरींच्या एका लाइनचे सुपरवायझर कारखान्याजवळच्या कुरुळी गावातल्या जुन्या घरातले, पांढऱ्या मिशांचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. माणूस अत्यंत सज्जन, पण चष्मा रोज घरी विसरायचा. त्यामुळे चिठ्ठी आली की ते जवळच्या बाईला म्हणायचे, “वाच गं, काय ल्हिलंय.” मशिनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ती बाई मोठ्याने वाचायची. कुणाच्याही मनात काही वाईट नसायचं, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या लाइनला सगळं माहीत झालेलं असायचं.

आता त्या चिठ्ठ्या जाऊन सगळं संगणकावर येणार होतं, आणि कुणाला काय दिसावं हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं.

“सगळं दिसेल,” मी म्हणालो. “चिठ्ठीवर असतं तेवढं.”

“मग नको.” तिने सुरी खाली ठेवली. “एक बाई आहे.”

“कोण?”

“एक बाई,” ती म्हणाली. पुढे तिने सांगितलं ते तेवढंच, जेवढं मला कामापुरतं हवं होतं. त्या बाईला दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा राहिले नव्हते. दोन्ही वेळा चिठ्ठी वाचली गेली होती, बसमध्ये अभिनंदन झालं होतं. आणि नंतर, सगळं संपल्यावर, त्याच बसमध्ये एकेकीने येऊन विचारलं होतं, कितवा लागला गं? प्रत्येकीला तिला वेगळं सांगावं लागलं होतं, की आता काही नाही.

“या वेळी पाचवा महिना लागला की ती स्वतः सांगणार आहे. तिच्या तोंडाने. तोवर कुणाला कळता कामा नये. नाहीतर ती म्हणते, मी काम सोडते. आणि तिला काम सोडायचं नाहीये हो. त्या लाइनवर तिच्याइतका साफ हात दुसरा नाही.” मग तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. “पण उभं राहायचं काम आणि सोल्डरिंगचा धूर, दोन्ही तिचं लवकरात लवकर बंद व्हायला हवं. म्हणजे दादांना सांगायला तर हवंच.”

मी वही-पेन घेऊन बसलो. तसं तर कुणाला काय दिसू द्यावं या विषयावरची पुस्तकं मी वाचली होती. पण त्या रात्रीच्या जेवणाआधी ओट्याशी उभी राहून तिने जे सांगितलं, त्यात पुस्तकातलं बरंचसं आलं होतं, आणि तिने ते बिनकष्टाने सांगितलं होतं, कारण ती आयुष्यभर तसंच वागत आली होती.

“दादांना काम कळू दे, कारण नको.”

“बरं.”

“आणि तेही त्यांच्या लाइनचं. त्यांची शिफ्ट चालू असताना. लाइनवरच्या संगणकावरूनच. बसमध्ये बसून मोबाइलवर नाही.”

“आणि तुला?”

“मला सगळं. पण ती बाई दवाखान्यात येऊन, कार्ड लावून माझ्यासमोर बसली असेल तेव्हाच.”

“अगं, तू नर्स आहेस. घरून पाहिलंस तर काय बिघडलं?”

“घरी मी भाजी चिरते,” ती म्हणाली. “घरून मला कशाला दिसायला हवं?”

“आणि मला?” मी सिस्टिमचा मालक असल्यासारखं विचारलं.

“तुम्हाला काहीच नाही. तुमचं काम कुलूप करायचं. आत काय ठेवलंय ते कशाला?”

याला मी खरोखरच हरकत घेतली. मला आतलं दिसलं नाही तर व्यवस्था नीट चालते की नाही हे मी तपासणार कसं? तिने सहज सांगितलं, “खोटे पेशंट घाला.”

मग पुढचा आठवडाभर मी खोटे पेशंट तयार केले. आयुष्यात मी पुष्कळ वाचलं, लिहिलं काहीच नव्हतं, ती हौस तिथे भागवून घेतली. एका पेशंटला जेवणानंतर डुलक्या येण्याचा जुनाट आजार होता. एकीला सासूचा फोन आला की अर्धशिशी उठायची. एकाला दर सोमवारी ताप भरायचा. सगळ्यांची जन्मतारीख मी एक जून टाकली. आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी तीच तारीख लिहून मोकळे व्हायचे, त्यामुळे कुणाला खोटं वाटायची भीती नव्हती. तिने माझे पेशंट एकेक करून तपासले.

“या सोमवारच्या तापाला औषध काय लिहिलंय?”

“मंगळवार.”

ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. त्या पेशंटबद्दल ती पुढे कितीतरी दिवस विचारायची, कसा आहे हो तो तुमचा, ताप उतरला का?

आणखी एक गोष्ट तिने मागितली. ती रजेवर असताना एखादीला चक्कर आली तर दुसऱ्या नर्सला सगळं ताबडतोब दिसायला हवं. त्यासाठी मी एक बटण केलं. त्यावर ‘तातडी’ एवढंच लिहिलं. ते दाबलं की समोरच्या माणसाची सगळी नोंद उघडायची, का उघडली ते लिहावं लागायचं, आणि तिच्या फोनवर निरोप जायचा. निरोपात नाव घालू का, असं मी विचारलं. “छे, फोन कुठेही पडलेला असतो माझा,” ती म्हणाली. म्हणून नाव घातलं नाही.

शेवटी राहिलं ते कोणती कारणं झाकायची आणि कोणती उघडी ठेवायची. इथे आम्ही दोघांनी मिळून, चहा पीत, अगदी विचारपूर्वक घोटाळा केला. ती म्हणाली, पाठदुखी दिसू दे, म्हणजे दादा त्याला खोकी उचलायला लावणार नाहीत. मी म्हणालो, मग बोट कापलेलंही दिसू दे, त्यात काय लपवायचं. गुडघा राहू दे. सर्दी राहू दे. फक्त नाजूक कारणं तेवढी झाकू, त्या जागी चांदणीची चिन्हं येतील. आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटलं. शनिवारी परतताना निगडीला थांबून आम्ही त्या आनंदात मिसळ खाल्ली.

सोमवारी सिस्टिम सुरू झाली आणि दुपारीच दादांचा फोन आला.

“साहेब, ह्ये काय चांदण्या आल्यात हितं?”

“दादा, ते तुम्हाला दिसणार नाही. काम काय द्यायचं ते वाचा. बसून काम, सोल्डरिंग नको, एवढं दिसतंय ना?”

“ते दिसतंय की. आज चष्मा आनलाय. पर न्हाई दाखवायचं तर चांदण्या कशाला दावता?”

मी त्यांना सुरक्षिततेवर एक छोटंसं भाषण दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि “बरं बरं” म्हणून फोन ठेवला.

दोन-तीन दिवसांत कँटीनमध्ये मागच्या टेबलावरून एक नवा शब्दप्रयोग माझ्या कानावर आला. “काय गं, चांदण्या लागल्या वाटतं?” आणि मग बायकांचं हसणं. मला वाटलं, सिस्टिम लोकप्रिय झाली. संध्याकाळी मोशीच्या चौकात मी मोठ्या कौतुकाने ते तिला सांगितलं. सिग्नल सुटला, पुन्हा लागला, तेव्हा ती म्हणाली, “अहो, लाइनवर जाता-येता सगळ्यांना पडद्यावर पाठदुखी दिसते, गुडघा दिसतो, सर्दी दिसते. सगळ्या लाइनमध्ये एकाच नावापुढे चांदण्या आहेत. आणि ते नाव बाईचं आहे. आता सांगा, त्या बायकांना काय कळायचं राहिलं?”

मी गाडी कडेला घेतली.

“आज तिच्या डब्याशेजारी कुणीतरी चिंच ठेवली,” ती म्हणाली. “तिने ती खाल्ली नाही. म्हणाली, माझी मैत्रीण चोखते चिंच, तिची असेल. मग दवाखान्यात येऊन बसली.”

चिठ्ठी होती तेव्हा निदान कुणीतरी वाचावी लागायची. आम्ही ते कष्टही वाचवले होते.

“उद्या सकाळी सगळ्यांना चांदण्या,” ती म्हणाली.

“पाठदुखीलाही?”

“पाठदुखीला, गुडघ्याला, सर्दीला. बोट कापलं त्यालाही.”

“मग दादांना खोक्यांचं कसं कळणार?”

“लिहीन ना मी. ‘खोकी उचलायची नाहीत.’ का उचलायची नाहीत ते त्यांनी कशाला वाचायचं?”

दुसऱ्या दिवशी शिफ्ट लागायच्या आत नोंद असलेल्या सगळ्यांच्या नावापुढे चांदण्या आल्या. पडदा दिवाळीसारखा दिसायला लागला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. चांदण्या पहिल्यांदा कुणाला लागल्या हे बायकांच्या लक्षात होतं. नवं काही समजायचं बंद झालं, समजलेलं पुसायची सोय मात्र माझ्याकडे नव्हती. ती बाई म्हणे आता बसमध्ये अगदी मागे बसायची आणि झोपेचं सोंग घ्यायची. महिना संपला की काम सोडायचं, असं तिने जवळपास ठरवलं होतं.

हे सगळं मला नावाशिवाय कळत होतं. आणि माणसाचं मन कसं असतं पाहा, मला नाव सांगितलं नाही म्हणून मी मनातल्या मनात एक बाई निवडली. कँटीनच्या रांगेत माझ्या मागे असायची, जरा दमलेली दिसायची. मी तिला रोज पुढे जाऊ द्यायचो. एकदा तिची ताटली उचलून ठेवली. तिला साहेब फार सभ्य वाटले असणार.

मग तो रजेचा दिवस आला. काही घरकामासाठी आम्ही दोघांनी एकत्र सुट्टी घेतली होती. दुपारी ती पापड वाळत घालत होती आणि तिचा फोन वाजला. ‘दवाखाना. तातडीने नोंद उघडली.’ बस्स, एवढंच.

“कोणाची?” ती म्हणाली.

“त्यात नाव नसतं.”

“तुम्ही पाहा ना आत.”

“मला दिसत नाही. तूच सांगितलं होतंस.”

“मग माझ्या नावाने उघडा.”

“तुला घरून दिसत नाही. तेही तूच.”

तिने दवाखान्यात फोन लावला, कुणी उचलला नाही. म्हणजे तिथला नर्स पेशंटपाशी होता. तिने पापड तसेच टाकले, साडी बदलली, आणि आम्ही निघालो. त्या दिवशी मोशीच्या गर्दीतही मी वाट काढत स्कूटर पुढे दामटत राहिलो. तिची पिशवी माझ्या पाठीला टेकली होती आणि तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, एवढं मला कळत होतं. तिच्या मनात फक्त एकच नाव होतं आणि ते मला माहीत नव्हतं. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात त्या अनोळखी बाईसाठी मी जितका घाबरलो, तितका ओळखीच्या फार थोड्या माणसांसाठी घाबरलो असेन.

दवाखान्याच्या दाराशी मी थांबलो, ती आत गेली. आणि आतून आवाज आला.

“आई आई आई! सिस्टर, पोटात कुनीतरी सुरी फिरवतंय! ह्यो तुमचा मानूस नुसता पडद्याकडं बघतुया!”

आवाजाला चांदण्या लावायची सोय नव्हती. ते दादा होते.

थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. आधी तिने पदराने डोळे पुसले आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. “बिचारे इतके कळवळतायत आणि मी हसतेय,” म्हणायची आणि पुन्हा हसायची. दादांना काय झालंय ते तिने मला सांगितलं नाही. गरजही नव्हती. अँब्युलन्समध्ये चढवताना दादांनीच आख्ख्या गेटला ओरडून सांगितलं, “मुतखडा हाय, मुतखडा! रडू नका कुनी!”

काही दिवसांनी दादा परत आले. त्या दिवशी मी त्यांच्या लाइनवर प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो, त्यामुळे पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या नावापुढेही पडद्यावर लिहून आलं होतं, बसून काम, भरपूर पाणी, वजन उचलायचं नाही. आणि पुढे चांदण्या. चहाची सुट्टी झाली. बायका पडद्याजवळ जमल्या.

“अगं बया! दादांना चांदण्या लागल्या!”

“लागल्या तर लागल्या. तुमचं काय जातंय?”

“बसून काम, वजन उचलायचं न्हाई,” एकीने वाचून दाखवलं. “आता गं? कितवा म्हनायचा, दादा?”

“म्हातारं मानूस हाय मी. जरा तरी लाज बाळगा.”

“डोहाळे काय लागलेत तेवढं सांगा. आमी करून आनतो.”

“मटनाचे,” दादा म्हणाले. “आना उद्या.”

सगळी लाइन हसत होती. कुणीतरी डब्यातून चिंच काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. दादांनी चिंचेकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि सरळ तोंडात टाकली. मिशीसकट चेहरा आवळून त्यांनी ती चोखून संपवली आणि म्हणाले, “आंबट हाय. पर झ्याक लागती. आता रोज ज्याला चांदण्या त्याला चिंच. त्यो पाठीवाला कुठंय? त्याला द्या. ती गुडघ्याची म्हातारी कुठंय?”

मग खरंच चिंच फिरली. पाठीवाल्याने खाल्ली, गुडघेवालीने खाल्ली, ज्यांच्या नावापुढे काही नव्हतं तेही हात पुढे करायला लागले. मला चिंचेचं एक बुटूक मिळालं. दादांनी हे मुद्दाम केलं की त्यांचा स्वभावच तसा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांना कारण दिसत नव्हतं, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकतो. त्या दिवसानंतर चांदण्या म्हणजे गोड बातमी, हे कुणी म्हणालं नाही. चांदण्या म्हणजे दादांचा मुतखडा झाला.

त्या आठवड्यात एका सकाळी मी तिच्या पिशवीत नारळ पाहिला. त्याच्यावर हिरवा खण घडी करून ठेवलेला, आणि कागदाच्या पुडीत तांदूळ.

“दवाखान्यात आज पूजा आहे की काय?”

“चांदण्या,” ती म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली.

मग एका संध्याकाळी स्कूटरवर बसण्याआधी तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. चहाच्या सुट्टीत त्या बाईने स्वतः डबा घेऊन सगळ्या लाइनला पेढे वाटले होते. तिच्या तोंडाने, तिच्या दिवशी. सगळ्या ओरडल्या म्हणे, आधी मशिनवाल्यांना वाटलं काहीतरी पेटलं.

“आता तरी सांग, कोण?”

तिने सांगितलं. मी पेढा हातात धरून उभा राहिलो. कँटीनच्या रांगेतल्या त्या बाईचा याच्याशी काही संबंध नव्हता. ही होती कुरुळीला राहणारी, मराठवाड्यातून आलेली, जी दर आठवड्याला माझ्या खिडकीशी येऊन म्हणायची, “साहेब, माझं कार्ड लागनाच झालंय.” मी दर वेळी तिचं कार्ड पुसून, नीट करून दिलं होतं. दवाखान्यात ती जे कार्ड लावायची तेच. एकदा तर मी तिला उभं करून ठेवलं होतं, कारण पुस्तकातलं प्रकरण संपत आलं होतं.

डोहाळजेवणाला आम्हाला बोलावणं होतं. कुरुळीला चाळीच्या गच्चीवर मांडव घातलेला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, प्लास्टिकच्या खुर्चीलाच फुलं बांधून केलेलं सिंहासन. सगळी लाइन आली होती. पुरुष म्हणून मी, तिचा नवरा आणि दादा असे तिघं पाण्याच्या टाकीजवळ उभे होतो.

ओटी भरायची वेळ आली तशी एक म्हातारी म्हणाली, “चोरओटी कुनी भरली हिची? ती आधी भरावी लागती, गुपचूप.”

“सिस्टरांनी भरली,” ती बाई म्हणाली. “दवाखान्याचं दार लावून. लई तांदूळ सांडले. मग दोघींनी खाली बसून येचले.”

माझी बायको माझ्याकडे न पाहता हसली. मला नारळ आठवला.

मग दोन वाट्या आल्या, वर झाकण घातलेल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असा हा खेळ. माझी बायको तिच्याशेजारी ताट धरून बसली होती. ती बाई जरा वेळ दोन्ही झाकणांकडे बघत राहिली. मग तिने एक वाटी उचलली, छातीशी धरली, झाकणाची कड फक्त स्वतःच्या बाजूने वर केली आणि आतलं झटकन तोंडात टाकलं.

“काय निघालं गं? पेढा का बर्फी?”

तिचं तोंड भरलेलं होतं. ती दोन्ही हातांची बोटं हवेत नाचवत म्हणाली, “चांदण्या!”

गच्ची हसण्याने दणाणली. दुसरी वाटी उघडायला दोघी-तिघी पुढे आल्या, तर माझ्या बायकोने ती आधीच उचलून रिकामी केली होती. तिचंही तोंड भरलेलं.

टाकीजवळून दादा ओरडले, “ए, मला तरी सांग! मी सुपरवायझर हाय तुझा!”

“तुमाला कारण दिसत नसतंय, दादा!”

परतीच्या वाटेवर मोशीला गर्दी होतीच. मी म्हणालो, “दुसरी वाटी तू खाल्लीस. म्हणजे तुला कळलं असणार.”

“असणार.”

“मग?”

“तुम्हाला अधिकार नाही,” ती म्हणाली, आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

पुढे मी तिला अनेकदा विचारलं. रागावली असली की मुद्दाम विचारायचो, म्हणजे ती हसायची. हॉस्पिटलमधल्या तिच्या शेवटच्या दिवसांतही, त्या वेळी तिच्या अवतीभवती बरीच यंत्रं होती, मी विचारलं. तिने नुसती बोटं हलवली. चांदण्या.

मागच्या महिन्यात ती बाई मुलीला घेऊन मला भेटायला रावेतला आली. मुलगी आता बालवाडीत जाते आणि एका जागी बसत नाही. तिने माझी पुस्तकं एकेक करून शेल्फातून काढली आणि उलटी लावली. आई अजून त्याच लाइनवर आहे. दादांच्या जागी आता तीच सुपरवायझर झाली आहे. म्हणाली, “अजून कारण दिसत नाही बघा मला कुणाचं. चांगलंय. डोक्याला ताप नाही.” मी चहा केला. चहा घेताना मी तिला, सहज विचारावं तसं, विचारलं की त्या वाटीत नक्की काय होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. “सिस्टरांनी सांगितलं नाई तुमाला?”

“नाही.”

“कधीच नाई?”

“कधीच नाही.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “मंग मी बी नाई सांगत, साहेब,” ती म्हणाली. मुलगी धावत आली आणि आई का हसते ते न कळताच आमच्याबरोबर हसायला लागली.